‘पॉडमन सिस्टिम डीएफ’च्या आकड्यांची स्वयंचलित चाचणी: नेमके काय तपासावे?

यार्डरोड_सांगली (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीत एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत चाचण्यांचे काम पाहते. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांसाठी सौदे, पट्ट्या आणि उधारी यांचा हिशेब ठेवणारी आमची प्रणाली गेल्या वर्षापासून आम्ही पॉडमन या साधनाच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रणाली तिच्या सर्व गरजांसह वेगळी चालवणाऱ्या बंदिस्त खोक्यात, बसवून देतो. दुकानातील संगणक साधाच असतो, त्याची डिस्क बहुधा २५६ जीबीची असते, आणि तिच्याकडे लक्ष ठेवायला तेथे कोणी नसते. म्हणून आम्ही पायथनमध्ये एक छोटे साधन लिहिले. ते रोज रात्री ‘पॉडमन सिस्टिम डीएफ’ ही आज्ञा चालवते, इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा), कंटेनर आणि व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी माहितीची जागा) यांनी किती जागा व्यापली आहे व त्यातील किती मोकळी करता येईल हे वाचते आणि आम्हाला अहवाल पाठवते.

मागील महिन्यात एका दुकानातील डिस्क ऐन सौद्याच्या वेळी पूर्ण भरली. त्याच्या आदल्या रात्रीच्या अहवालात मात्र सर्व मिळून ११ जीबी वापर दिसत होता. तेव्हापासून या साधनाच्या चाचण्या नीट लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चाचण्या बॅट्समध्ये (शेल आज्ञांच्या चाचण्या लिहिण्याच्या चौकटीत) आहेत आणि मला पुढील अडचणी येत आहेत.

पहिल्या चाचणीत कंटेनर चालू करून त्यात डीडी या फाइल लिहिणाऱ्या आज्ञेने १०० एमबीची फाइल लिहिली आणि अहवालात १०० एमबी वाढ अपेक्षिली, प्रत्यक्षात १०४.९ एमबी दिसली. मी पाच टक्क्यांची सूट दिली, चाचणी उत्तीर्ण झाली. मग फाइल १ जीबीची केली तेव्हा तीच चाचणी पुन्हा अनुत्तीर्ण झाली, म्हणून सूट दहा टक्के केली. हे योग्य नाही हे मला कळते, पण कारण कळत नाही. दुसऱ्या चाचणीत अहवालातील एकूण आकडा पॉडमनच्या साठवणीच्या फोल्डरवर चालवलेल्या डीयूच्या (जागा मोजणाऱ्या आज्ञेच्या) आकड्याशी ताडून पाहिला आहे. ती माझ्या लॅपटॉपवर उत्तीर्ण होते आणि चाचण्यांच्या सर्व्हरवर कधीच होत नाही. शिवाय अधूनमधून, साधारण आठवड्यातून एकदा, ‘जेसन वाचता आले नाही’ (जेसन म्हणजे पॉडमनच्या उत्तराचे यंत्राला वाचता येणारे स्वरूप) असे म्हणून सर्वच चाचण्या कोसळतात.

अशा प्रकारच्या साधनाची चाचणी लिहिताना कोणता आकडा खरा मानावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ_मिरज

आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. जीएनयू डीडीला ‘१एम’ असा ठोकळा सांगितला तर तो १०,४८,५७६ बाइट्सचा धरला जातो, म्हणजे १०२४ गुणिले १०२४. पॉडमन आणि त्याच्यासारखेच डॉकर हे साधन, दोघेही माणसासाठी आकडा छापताना मात्र १००० च्या पटीत मोजतात. त्यामुळे असे १०० ठोकळे लिहिले की १०,४८,५७,६०० बाइट्स होतात आणि ते १०४.९ एमबी म्हणून छापले जातात. हा फरक ४.८६ टक्के असल्याने आपल्या पाच टक्क्यांत जेमतेम बसला. जीबीच्या पायरीवर तोच फरक ७.४ टक्के होतो, म्हणून चाचणी पडली. तेथे मोजणीची चूक कोणाचीच नव्हती. उलट ती दहा टक्क्यांची सूट आजच काढून टाकावी, कारण उद्या साधनात खरोखरच एकक चुकले तरी हीच सूट ती चूक पोटात घालेल.

चाचणीने छापील आकडा वाचूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो चार सार्थ अंकांपर्यंत पूर्णांकित केलेला असतो. पॉडमनला जेसन स्वरूपात उत्तर मागितले की ‘रॉसाइझ’ आणि ‘रॉरिक्लेमेबल’ या नावांनी निव्वळ बाइट्स मिळतात. डॉकरच्या आज्ञेत जेसन मागितले तरी आकार ‘१०४.९एमबी’ असा मजकूर म्हणूनच येतो, आणि एका यादीऐवजी प्रत्येक ओळीवर वेगळे जेसन येते. तेथे बाइट्स हवे असतील तर त्याच्या सॉकेटवरून, म्हणजे थेट जोडणीतून, ‘सिस्टिम डीएफ’ हा एपीआय विचारावा लागतो. आपले साधन पुढेमागे डॉकरवरही चालवणार असाल तर हे आताच लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. डीयू, लिनक्सची स्वतःची डीएफ आज्ञा आणि पॉडमनचा अहवाल हे तिघे एकच वस्तू मोजतात असे आपण गृहीत धरले आहे, आणि ते गृहीतकच चुकीचे आहे. कंटेनरात इमेजच्या न बदलणाऱ्या थरांवर एक लिहिण्यायोग्य थर असतो; पॉडमन त्या थरातील प्रत्येक फाइलची लांबी घेऊन त्यांची बेरीज करतो. डिरेक्टरींचा स्वतःचा आकार तो धरत नाही, आणि एकाच आयनोडला (डिस्कवरील फाइलच्या मूळ नोंदीला) दोन नावे असतील तर ती फाइल एकदाच मोजतो. डीयू फाइलला प्रत्यक्ष मिळालेले डिस्कवरील ठोकळे मोजतो, आणि त्यात डिरेक्टरीही येतात. डीएफ तर फाइलींकडे पाहतच नाही. संपूर्ण फाइल प्रणालीला विचारतो की तुझ्याकडे किती शिल्लक आहे.

हे पटण्यासाठी कंटेनरमध्ये दहा-दहा बाइट्सच्या एक हजार फाइली तयार कराव्यात. पॉडमन म्हणेल दहा हजार बाइट्स. ४०९६ बाइट्सचा ठोकळा असलेल्या ईएक्सटी४ या फाइल प्रणालीवर डीयू म्हणेल सुमारे चार एमबी, कारण दहा बाइट्सच्या फाइललाही एक अख्खा ठोकळा द्यावा लागतो. मग उलट प्रयोग करावा: ट्रंकेट आज्ञेने १०० एमबी लांबीची पोकळ (लांबी आहे पण मजकूर नाही अशी) फाइल करावी. पॉडमन तिची पूर्ण लांबी धरेल आणि डीयू शून्य दाखवेल. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल प्रणालीवर तर वाढत्या फाइलसाठी आगाऊ जागा राखून ठेवली जाते, त्यामुळे नुकत्याच लिहिलेल्या फाइलचा डीयू तिच्या लांबीपेक्षा जास्त दिसू शकतो.

आणि एक प्रश्न विचारतो: लॅपटॉपवर आपण चाचण्या सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, चालवता का?

यार्डरोड_सांगली

होय. लॅपटॉपवर सुडो लावते, सर्व्हरवर मात्र साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्याचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

कृष्णाकाठ_मिरज

मग कारण तेच आहे. रूट म्हणून चालवले की साठवण ‘व्हार–लिब–कंटेनर्स–स्टोरेज’ येथे असते आणि साध्या वापरकर्त्याची त्याच्या होम फोल्डरातील ‘डॉट लोकल–शेअर–कंटेनर्स–स्टोरेज’ येथे. दुसऱ्या ठिकाणच्या अनेक फाइली कंटेनरातील वापरकर्त्यांच्या, म्हणजे उपवापरकर्ता क्रमांकांच्या मालकीच्या असतात; साधा डीयू त्यांतील काही फोल्डरांत शिरू शकत नाही, परवानगी नाकारल्याचे सांगतो आणि जेवढे दिसले तेवढ्याची बेरीज देतो. ‘पॉडमन अनशेअर’ (त्या क्रमांकांचे अधिकार देणारी आज्ञा) लावून डीयू चालवला तर तो आत शिरेल. परंतु वर सांगितलेल्या कारणांमुळे तरीही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. ती चाचणी दुरुस्त करण्याऐवजी काढून टाकणे बरे.

संगम_कराड

मिरजकरांनी एककांचे सांगितले ते अगदी योग्य आहे. चाचणीची रचना कशी करावी याविषयी मी थोडे लिहितो, कारण असेच काम मी कराडला एका कारखान्याच्या संगणक विभागासाठी केले आहे.

ताई, आपण यार्डाजवळच काम करता, तेव्हा बारदानाचा हिशेब आपल्याला सांगायला नको. भरलेल्या पोत्याचे वजन होते, त्यातून रिकाम्या पोत्याचे वजन वजा होते आणि जे उरते त्याचाच भाव लागतो. चाचणीतही तेच करावे. अहवालाचा एकूण आकडा किती असावा हे आधी कोणालाच सांगता येत नाही, कारण नवा कंटेनर उभा राहताना पॉडमन स्वतःही त्यात काही बारीकसारीक फाइली ठेवतो आणि हे प्रमाण आवृत्तीनुसार बदलते. म्हणून आधी बाइट्स वाचावेत, मग ज्ञात प्रमाणात बदल करावा, पुन्हा वाचावेत आणि फक्त फरक तपासावा. कंटेनर ‘स्लीप’वर निजलेला असेल आणि आपण त्यात बरोबर १०,४८,५७६ बाइट्सची फाइल लिहिली, तर फरक बरोबर १०,४८,५७६ यायला हवा. तेथे एका बाइटचीही सूट देऊ नये.

यासाठी मोजमापाची जागा स्वतःची असावी लागते. सर्व्हरवर दुसरे कोणी त्याच वेळी इमेज उतरवत असेल तर आपला फरक निरर्थक ठरतो. पॉडमनला ‘रूट’ आणि ‘रनरूट’ हे दोन पर्याय देऊन प्रत्येक चाचणी फाइलसाठी तात्पुरत्या फोल्डरात नवी साठवण उघडता येते. इमेजही बाहेरून आणू नये. ‘स्क्रॅच’ या रिकाम्या इमेजवरून सुरुवात करून एक स्टॅटिक बिझीबॉक्स (मूलभूत आज्ञांची एकच स्वयंपूर्ण फाइल) आणि आपल्याच हाताने केलेल्या फाइली घातल्या की जाळे बंद असतानाही चाचणी चालते. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेटची रेषा जाणे नित्याचेच असल्याने हा धडा मला लवकर मिळाला. काम संपल्यावर ते फोल्डर साध्या आरएमने पुसले जात नाही, तेथेही ‘अनशेअर’च लागतो, हे विसरल्याने माझ्या सर्व्हरवर एकदा अशा सत्तरेक साठवणी साचल्या होत्या. डिस्कच्या चाचणीनेच डिस्क भरण्याचा तो प्रसंग मी कार्यालयात कोणाला सांगितला नाही.

आता कोणते बदल करून पाहावेत. माझ्या मते सर्वांत बोलकी चाचणी फाइल वरच्या थरात उचलली जाण्याची आहे. इमेजमध्ये ६४ एमआयबीची, म्हणजे ६,७१,०८,८६४ बाइट्सची फाइल ठेवावी. कंटेनर चालू करून त्या फाइलच्या शेवटी केवळ एक बाइट जोडावा. ओव्हरले फाइल प्रणालीत खालचा थर केवळ वाचण्यासाठी असल्याने तो एक बाइट लिहिण्यापूर्वी पूर्ण फाइल वरच्या थरात उतरवावी लागते, आणि कंटेनरचा आकार ६,७१,०८,८६५ बाइट्सनी वाढतो. आपल्या अहवालात एका बाइटची वाढ दिसली तर तो चुकीचा आहे. याचा जोडीदार म्हणजे पुसण्याची चाचणी: इमेजमधील फाइल कंटेनरमध्ये पुसली तर एक बाइटही मोकळा होत नाही, कारण वर केवळ ‘ही फाइल नाही असे समजा’ अशी खूण ठेवली जाते आणि मूळ फाइल खाली तशीच राहते. कंटेनरनेच लिहिलेली फाइल पुसली तर मात्र जागा परत मिळाली पाहिजे. या तीन चाचण्यांनी माझ्या जुन्या साधनातील दोन चुका बाहेर काढल्या, ज्या वर्षभर कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

इमेजची बेरीज हा वेगळाच विषय आहे. सामाईक विहीर तीन भावांच्या सातबाऱ्यावर लागलेली असते. तिन्ही उतारे घेऊन विहिरी मोजल्या तर तीन भरतात, आणि रानात जाऊन पाहिले तर एकच असते. एकाच पायावर बांधलेल्या इमेजचेही तसेच आहे: ‘पॉडमन इमेजेस’ प्रत्येकीसमोर तिचा पूर्ण आकार दाखवते, पण पायाचे थर डिस्कवर एकदाच असतात. आपले साधन जर त्या यादीतील रकान्याची बेरीज करत असेल तर अहवाल फुगलेला असेल. एका पायावर १ आणि २ एमआयबीच्या वेगवेगळ्या फाइली घालून दोन इमेज बांधाव्यात आणि एकूण वाढ सुमारे ३ एमआयबी येते का हे पाहावे. ‘सुमारे’ अशासाठी की इमेजसोबत तिच्या वर्णनाच्या फाइली, म्हणजे मॅनिफेस्ट आणि कॉन्फिगही, साठवल्या जातात. येथे काही किलोबाइट्सची सूट न्याय्य आहे, टक्क्यांची नाही. दोन्ही फाइलींत शून्ये भरू नयेत. पुढे फाइली एकाच आकाराच्या केल्या आणि मजकूर व वेळ सारखी निघाली तर तो थर एकच ठरण्याचा संभव असतो. यादृच्छिक बाइट्स भरावेत.

अजिंक्यतारा_७

वरील सर्व चर्चा उपयुक्त आहे, तरी एक गोष्ट खटकली म्हणून साताऱ्याहून लिहीत आहे. आपण येथे पॉडमनची चाचणी घेत आहोत की ताईंच्या साधनाची? पॉडमनच्या स्वतःच्या भांडारात या आज्ञेसाठी बॅट्सची स्वतंत्र फाइल आहे, गो भाषेतील चाचण्याही आहेत, आणि त्या प्रत्येक बदलावर चालतात. फाइल वरच्या थरात उचलली जाते की नाही याची काळजी करणारी माणसे तेथे आहेत. ताईंच्या साधनाचे काम आहे मिळालेले जेसन योग्य वाचणे आणि योग्य निष्कर्ष काढणे. त्याच्या नव्वद टक्के चाचण्यांना कंटेनर लागूच नये.

मी असे करीन. ‘पॉडमन’ याच नावाची दोन ओळींची खोटी स्क्रिप्ट एका फोल्डरात ठेवावी, ते फोल्डर पाथमध्ये (आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) सर्वांत पुढे लावावे आणि त्या स्क्रिप्टने आधी जतन करून ठेवलेले उत्तर छापावे. मग जी परिस्थिती प्रत्यक्षात उभी करायला तास लागला असता ती क्षणात उभी राहते: पूर्ण रिकामी साठवण, एकही व्हॉल्यूम नसणे, पाचशे जीबींची इमेज, अर्धवट तुटलेले जेसन, आज्ञेने त्रुटी सांगून बाहेर पडणे. प्रत्येक उत्तरावर काही नाती तपासावीत, जी कधीच मोडता कामा नयेत: वापरात असलेल्यांची संख्या एकूण संख्येपेक्षा जास्त नसावी, मोकळी करण्याजोगी जागा एकूण जागेपेक्षा जास्त नसावी, कोणताही आकडा ऋण नसावा. दुकानात बसवलेल्या पॉडमनची आवृत्ती बदलली की उत्तरे नव्याने जतन करावीत, नाहीतर आपण जुन्या पॉडमनची भुते तपासत बसू.

आठवड्यातून एकदा कोसळणाऱ्या चाचण्यांचे कारणही बहुधा येथेच आहे. बॅट्समधील ‘रन’ आज्ञेचे उत्तर आणि तिचे इशारे एकाच ‘आउटपुट’मध्ये मिसळते. पॉडमनने एखादी इशाऱ्याची ओळ छापली की ती जेसनच्या डोक्यावर जाऊन बसते. बॅट्सच्या १.५ आवृत्तीपासून इशारे वेगळे ठेवणारा ‘सेपरेट-एसटीडीईआरआर’ हा पर्याय मिळतो, तो लावावा. आणि आपल्या पायथन साधनातही हीच चूक नाही ना, हे प्रथम पाहावे, कारण तेथे ती असेल तर ती चाचणीची नव्हे, मालाचीच खोट आहे.

संगम_कराड

साताराकरांशी मी निम्मा सहमत आहे. खोट्या स्क्रिप्टच्या चाचण्या हव्यातच, आणि त्या माझ्याकडे नव्हत्या हेही खरे. पण ताईंच्या मूळ तक्रारीकडे पाहावे: डिस्क भरली आणि अहवालाला कळले नाही. जतन केलेल्या उत्तरांच्या हजार चाचण्या लिहिल्या असत्या तरी ही चूक सापडली नसती, कारण वाचन बरोबरच होते. अहवालात काय येत नाही हे खऱ्या कंटेनरशिवाय कळत नाही.

ताई, त्या दुकानात नेमके काय भरले होते?

यार्डरोड_सांगली

तेच आज पाहून आले. कंटेनरचा लॉग (त्याने छापलेल्या ओळींची नोंद) के-एट-एस-फाइल प्रकारचा, म्हणजे साध्या फाइलीत लिहिला जाणारा, होता, त्याला आकाराची मर्यादा दिलेली नव्हती, आणि वजनकाट्याशी जोडणी तुटली की आमची प्रणाली सेकंदाला कित्येक वेळा तीच त्रुटी लिहीत होती. एकट्या लॉग फाइलने १८० जीबी व्यापले होते. ती फाइल कंटेनरच्या थरात नसून त्याच्या शेजारच्या फोल्डरात असते, त्यामुळे ‘सिस्टिम डीएफ’च्या कोणत्याच ओळीत ती आली नाही. साधनात चूक नव्हती, असे म्हणावे का?

कृष्णाकाठ_मिरज

असे म्हणू नये. पॉडमनच्या आज्ञेत चूक नव्हती. आपल्या साधनाने ‘डिस्क ठीक आहे’ असे म्हटले ती चूक होती. लॉग, कंटेनरला जोडलेले (बाइंड केलेले) यजमान संगणकाचे फोल्डर आणि स्वॅप (डिस्कवर उतरवलेली स्मृती) या गोष्टी त्या आज्ञेच्या कक्षेबाहेरच आहेत. डॉकरची कागदपत्रेही कंटेनरच्या आकाराविषयी हेच बजावतात. आपल्या साधनाने फाइल प्रणालीची शिल्लक वेगळी विचारावी आणि ‘कंटेनरचा हिशेब’ व ‘डिस्कची शिल्लक’ या दोन ओळी वेगळ्या छापाव्यात. त्यांच्यातील तफावत अचानक वाढू लागली तर तोच खरा इशारा.

याची चाचणी लिहिता येते. ट्रंकेटने २ जीबीची फाइल करून तीवर ईएक्सटी४ उभारावी, ती लूप उपकरण, म्हणजे फाइलीतली आभासी डिस्क, म्हणून जोडावी आणि संपूर्ण साठवण त्यावरच ठेवावी. मग कंटेनरला ५०० एमबी मजकूर छापायला लावावा. अपेक्षा दोन: पहिल्या ओळीतील कंटेनरचा आकडा हलू नये, आणि दुसऱ्या ओळीतील शिल्लक किमान ५०० एमबीने घटावी. हो, येथे ‘किमान’ आणि सूट दोन्ही चालतील, कारण येथे आपण ठोकळे मोजत आहोत, लांबी नाही. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, तेव्हा ‘उपलब्ध’ आणि ‘मोकळी’ यांपैकी कोणता आकडा वाचता हे ठरवून घ्यावे. दुकानातील प्रणाली रूट म्हणून चालत नसेल तर ‘उपलब्ध’ हाच तिच्या कामाचा.

यार्डरोड_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांत झालेले काम येथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला लागले तर सापडेल.

डीयूशी तुलना करणारी चाचणी काढून टाकली. फरकावर आधारलेल्या पाच चाचण्या स्वतंत्र साठवणीत चालतात आणि त्यांत बाइटचीही सूट नाही. एक बाइट जोडल्यावर आकडा ६,७१,०८,८६५ ने वाढलेला पाहून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही बोलावून दाखवला. जतन केलेल्या उत्तरांवरील चौदा चाचण्या लिहिल्या, आणि त्यांतील पहिल्याच चाचणीत, म्हणजे रिकाम्या साठवणीच्या, आमचे साधन शून्याने भागाकार करून कोसळले. टक्केवारी काढताना एकूण आकार शून्य असू शकतो हे कोणाच्या मनातही आले नव्हते. इशाऱ्याची ओळ जेसनमध्ये मिसळण्याची चूक चाचणीत होती तशीच साधनातही होती, दोन्हीकडे दुरुस्त केली.

लूप उपकरणाची चाचणी लॅपटॉपवर चालते. चाचण्यांच्या सर्व्हरवर ती जोडण्यासाठी रूटचा अधिकार लागतो आणि तो मला मिळालेला नाही, म्हणून तेथे ती ‘वगळली’ अशी नोंद करते. दर सोमवारी सकाळी मी ती लॅपटॉपवर हाताने चालवते. दुकानांतील लॉगला मात्र ५० एमबीची मर्यादा घातली आहे, आणि वजनकाट्याची तार बदलली आहे.